हाक येईपर्यंत

नाना एक चप्पल पायात घालायचे आणि आभाळाकडे बघत उभे राहायचे. दुकानदार असो, घरमालक असो की म्हैस विकणारा, त्यानं "अहो, थांबा तरी" म्हणेपर्यंत दुसरी चप्पल जमिनीवरच असायची. हाक आली की घातलेली चप्पल काढायची आणि पुन्हा आत जाऊन बसायचं. मग सौदा नानांच्या आकड्याच्या आसपासच मिटायचा.

"आकडा सांगाना, उठानं, अन् चप्पल धीरेधीरे घालानी," ते आपल्या अहिराणीत म्हणायचे. "बाकी बठ्ठं आपोआप व्हस."

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. जळगावात आम्ही ज्या इमारतीत भाड्यानं राहायचो, तिथं तळमजल्यावरच्या खोलीत नाना एकटे राहायचे. उमेदीची सगळी वर्षं धरणगावच्या बाजारात कापसाची दलाली करण्यात गेलेली. बायको वारली होती, मुलगी धुळ्याला दिली होती. बाजार सुटला तरी सवय सुटली नव्हती, म्हणून कुणाचं काहीही घ्यायचं असलं की नाना फुकट बरोबर जायचे. चहाही स्वतःच्या पैशानं प्यायचे.

एकदा कूलर घ्यायला मी त्यांना एका मोठ्या दुकानात नेलं. काचेचं दार, चकचकीत फरशी. नानांनी दाराबाहेर चप्पल काढली. आतला विक्रेता धावत आला, "काका, चालतं इथं चप्पल घालून."

"तुले चालतं, मले नही," नाना म्हणाले.

नंतर मला बाजूला घेऊन समजावलं, "चप्पल घालीसन आत गऊ, तर निंघताना काय घालू?" त्या दुपारी कूलर तर स्वस्तात मिळालाच, वर एक पंप मिळाला. तो कशाचा आहे हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

आता माझं सांगतो. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवण्याचा पगार घेतला, त्यात स्वतःचाही आवाज गेला. भाजीवालीनं कोथिंबिरीचा भाव सांगितला की मी "परवडतं ना तुम्हाला?" असं विचारतो. रिक्षावाल्याकडून सुटे पैसे परत घेताना मला अपराधी वाटतं. अशा माणसानं घर घ्यायचं म्हणजे काय होईल, हे वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नाच्या बस्त्यापासूनच ठाऊक होतं.

तरीही घर पाहिलं. मेहरूणच्या बाजूला, एका अरुंद गल्लीत, दोन खोल्या आणि वर गच्ची. मालक निवृत्त शिक्षक. ते आणि त्यांच्या पत्नी मुलाकडे नाशिकला राहायला निघाले होते. वैशालीनं सगळं घर न बोलता पाहिलं. रात्री जेवताना मात्र म्हणाली, "त्या ओट्यावर माझा हात बरोबर पोचतो."

वैशाली उंचीनं कमी. भाड्याच्या घरातला ओटा कुणा उंच बाईच्या मापानं बांधलेला, त्यामुळे इतकी वर्षं ती पाटावर उभी राहून पोळ्या करत होती. दोनदा पाटावरून पडली होती. त्या एका वाक्यानंतर मला ते घर हवंच होतं, आणि आकडा मला सांगायचा होता. मी खाली जाऊन नानांचं दार वाजवलं.

नानांनी माझी तालीम घेतली. ते घरमालक झाले, मी मी झालो. वैशाली जिन्यात बसून बघत होती.

"बोला भाऊ, काय भाव लावता?" नाना मालकाच्या आवाजात म्हणाले.

"अठ्ठावीस लाख," मी म्हणालो.

"बत्तीसच्या खाली एक पैसा नाही."

"बरं," मी म्हणालो.

वैशालीनं कपाळावर हात मारला. पुन्हा तालीम झाली. या खेपेला मी ठरल्याप्रमाणे उठलो, पण घाबरून दोन्ही चपला एकदम घातल्या आणि नाना हाक मारायच्या आत रस्त्यावर पोचलो. ते फाटकापर्यंत धावत आले. शेवटी त्यांनी तोडगा काढला, "तुम्ही बूट घाला. नाडीवाले. नाडीले वेळ लागस."

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. रिक्षात नानांनी शेवटचा नियम सांगितला. मालकाच्या घरात कशालाही चांगलं म्हणायचं नाही. नाक मुरडता येत नसेल तर निदान गप्प बसायचं.

एप्रिल होता. मास्तरांच्या गच्चीवर जुन्या धोतरावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत होते. काकू मोठ्या पातेल्यात त्याच पिठाचा चीक घोटत होत्या. मला पाहताच त्यांनी वाटीभर गरम चीक दिला, वर कच्चं तेल सोडलं. माझी आई असाच द्यायची. मी "वा!" म्हणालो. मग गच्चीवरून दिसणाऱ्या तळ्याला वा म्हणालो, पाण्याच्या टाकीला वा म्हणालो, जिन्याच्या कठड्यालाही म्हणालो. दुसरी वाटी खाल्ली. तेवढ्यात वारा सुटला, तसा काकूंच्या बरोबर धावून धोतराची टोकं धरली. खाली अंगणात उभे राहून नाना वर बघत होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो.

शेवटी बैठकीच्या खोलीत बसलो. मास्तर सरळ माणूस होते. "बत्तीस सांगितलेत, बत्तीसच घेणार. घासाघीस मला जमत नाही," ते म्हणाले. "संध्याकाळी भुसावळचे एकजण येताहेत. त्यांनाही हेच सांगणार."

नानांनी माझ्या पायावर पाय दिला. मी "अठ्ठावीस" म्हणालो. दोन वाट्या चीक खाल्लेल्या तोंडातून तो आकडा इतका हळू निघाला की मास्तरांनी "काय?" विचारलं आणि मला तो पुन्हा म्हणावा लागला. मास्तरांनी मान हलवली. आम्ही उठलो.

दारात मी बुटाची नाडी बांधायला बसलो. एक बांधली, दुसरी बांधली, मग पहिली सोडून परत बांधली. नाना एका चपलेवर आभाळ बघत होते. आतून हाक नाही. मी दुसरी नाडी सोडली. एवढ्यात मास्तर बाहेर आले. नाना हळूच हसले. पण मास्तरांच्या हातात लाकडी स्टूल होतं.

"कंबर दुखते का हो तुमची? यावर बसून बांधा," ते म्हणाले, आणि आत गेले.

आता बांधायला काही उरलं नव्हतं. आम्ही फाटकाबाहेर आलो. नानांचं एक होतं, निघाल्यावर ते कधी मागे वळत नसत. मागे पाहिलं की आपण संपलो, असं ते मानायचे. मीही मान ताठ ठेवून चाललो होतो. वैशालीनं मात्र गल्लीच्या वळणावर थांबून एकदा मागे, त्या घराकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. लगेच आमच्याबरोबर चालायला लागली.

नाना थांबले. "उभे राहा," म्हणाले, आणि आल्या रस्त्यानं परत निघाले. मला वाटलं, काही विसरलं असेल. मागोमाग गेलो तर ते चप्पल घालूनच थेट बैठकीत शिरले होते आणि मास्तरांसमोर हात जोडून उभे होते.

"मास्तर, तुमचा भाव बरोबर शे," ते म्हणत होते. "भुसावळवाल्यांना नाही म्हणून सांगा. घर या पोरीला द्या."

मास्तर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली. मान डोलावणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं. इसाराची रक्कम मी तिथल्या तिथं फोनवरून पाठवली, काकूंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, आणि नानांचा तोवरचा, मागितल्या भावानं झालेला एकुलता एक सौदा माझ्या नावावर जमा झाला.

परत येताना रिक्षात मी जरा रागातच होतो. सरळ बत्तीसच द्यायचे होते तर बूट कशाला घालायला लावले, असं मी विचारलंही.

"पाचोऱ्याले आम्ही एक घर देखेल व्हतं," नाना म्हणाले. "मी आकडा सांगा, उठनू. तठे हाक उनी नही."

"मग?"

"मना घरनी काहीच बोलनी नही. गल्लीना तोंडशी नुसतं मांगे देखं तिनं. मी तिले म्हनं, चाल, दुसरं देखूत. अन् मंग दुसरं देखताच राह्यनूत."

वैशालीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. मी बाहेर बघू लागलो.

पावसाळ्याआधी आम्ही नव्या घरी गेलो. सामानाची गाडी भरताना नाना ओरडून ओरडून हमालांशी भांडत होते. गाडी निघाली तेव्हा मात्र दिसले नाहीत, त्यांचं दार लोटलेलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की रोज नानांसाठी वरून भाजीची वाटी खाली जायची ती आमच्याच घरातून, आणि ते घर नानांनी स्वतःच्या तोंडानं रिकामं केलं होतं. ग्रंथपालाला गोष्टी उशिरा कळतात. दर रविवारी येईन असं मी स्वतःशी ठरवलं. आठ-दहा रविवार गेलो, मग कर्जाचे हप्ते, घराची कामं, कधी पाहुणे. तुम्हाला ठाऊकच आहे कसं होतं ते.

दिवाळीनंतर फराळाचा डबा घेऊन गेलो तर खोलीला कुलूप. वरच्या, आमच्या जुन्या घरात एक तरुण जोडपं राहायला आलं होतं. मुलगा म्हणाला, "नाना गेले धुळ्याला, मुलीकडे. दम लागायचा त्यांना. आता तिकडेच राहणार म्हणाले."

मी डबा त्यालाच दिला. त्यानं चहा विचारला. बोलता बोलता कळलं, हे दोघंही घर बघताहेत.

"जाण्याआधी नाना आले होते आमच्याबरोबर एका ठिकाणी," त्याची बायको म्हणाली. "सगळे म्हणायचे, नाना भाव पाडून देतात. आम्ही वाटच बघत होतो, आता काहीतरी बोलतील. पण ते मालकाशी काही बोललेच नाहीत. मलाच विचारलं, आवडनं का? मी हो म्हणाले. तर घेऊन टाका म्हणाले, मंग लई ल्या."