तोडलेल्या वायरीचं गाऱ्हाणं

माफ करणं मला जमत नाही. तो गुण माझ्यात नाही आणि नसल्याचं दुःखही नाही.

नवऱ्याची मुंबईतली नोकरी सुटली, आम्ही चिपळूणजवळच्या गावी परतलो, आणि घर माझ्या पडवीतल्या कॉम्प्युटरवर चालायला लागलं. वाडीत नुकतीच फायबरची लाइन आली होती. सातबारा, पीक विमा, कॉलेजचे फॉर्म, सगळं मी घरबसल्या भरून देई. माझ्या चुलत दिरांचं नाक्यावर हेच दुकान. फोनच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर ते एका फॉर्मसाठी माणसाला तीन फेऱ्या मारायला लावायचे. गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

एका सकाळी नेट गेलं. बघते तर दगडी गडग्याच्या कडेला वायर कोयतीने एका घावात तोडलेली. मी कुणाला काही सांगायच्या आतच शेजारीण आली. "तुजा नेट आता म्हयनाभर बंद ना गो? तुज्या दिरानं नाक्यावर सांगितलान." चोराच्या मनात चांदणं!

मी भांडले नाही. त्या संध्याकाळी देवळात वाडीची बैठक होती, तिथे नारळ घेऊन गेले. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान याच दिरांचा. देवीपुढे त्यांनी बोलायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नारळ मी त्यांच्याच हातात दिला.

त्यांनी घसा खाकरला. "म्हाराजा, हिची वायर ज्यानं कुणी तोडलीन, त्याला सुबुद्धी दे."

"सुबुद्धी नको, भावजी," मी म्हटलं. "त्याचा धंदा बसू दे, म्हणा."

हातात घेतलेला नारळ परत करता येत नाही. ते पुटपुटले. "ऐकू येत नाय!" मागून एक म्हातारा ओरडला. मग मोठ्याने म्हणावंच लागलं. "व्हय म्हाराजा" म्हणताना माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

वायर जोडून मिळाली. आठवड्याने जाऊ, म्हणजे त्याच दिरांची बायको, विम्याचे कागद घेऊन पडवीत आली. घरचं दुकान सोडून इकडे का, असं मी मुद्दाम विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "गाऱ्हाणं घालताना त्यांचे हात कापत होते गो. मी बघितलंय. तूच भर."

तिच्या आधी चार माणसं होती. मी तिला रांगेत बसायला सांगितलं.