चुगल्या

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही, म्हणजे कुणालाच ठाऊक नाही असं समजा. उभा जन्म पोटात ठेवलंय. आज तुम्हांला सांगतोय — आजच का, ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही.

सुधाकर गेला. जगासाठी कर्नल, आम्हां खापरखेड्याच्या कॉलनीतल्या पोरांसाठी चुगल्या. गेल्या महिन्यात शहरात, सदर भागातल्या एका हॉलमध्ये त्याची श्रद्धांजली सभा झाली. वर्दीतला फोटो, झेंडूचा हार, पुढच्या रांगेत पदकं लावून बसलेली त्याच्या पलटणीतली निवृत्त माणसं. आमच्या कॉलनीतला बंडू माइकवर आला आणि म्हणाला, "कर्नल झाला, तरी आम्ही त्याले चुगल्याच म्हणत होतो!" सगळा हॉल हसला. पदकंवालेही डोळे पुसत हसले. मी तेवढा हसलो नाही. बंडूनंतर मला बोलायचं होतं — बालमित्र म्हणून.

ते नाव कुठून आलं हे बंडूही विसरलाय. त्या हॉलमध्ये ते एकट्या मला माहीत होतं.

आम्ही शेजारच्या क्वार्टरांत वाढलो. दोघांचेही बाप वीज केंद्रात. दोघांनाही फौजेत अफसर व्हायचं होतं. माझा डावा डोळा जरा कच्चा, आणि हे माय सोडली तर फक्त सुधाकरला माहीत. डॉक्टरांच्या तक्त्यावरची अक्षरं त्यानंच माझ्याकडून घोकून घेतली होती. लबाडीच ती, पण दोघांची. निवडीला आम्ही बरोबर गेलो.

डोळे तपासायची वेळ आलीच नाही. — थांबा, इथे मी नेहमीच अडतो. उंचावर एक फळी होती. तिच्यावरून चालत जायचं आणि पलीकडे उडी मारायची, एवढंच. मी मध्यावर गेलो आणि खाली बसलो. फळीला मिठी मारून बसलो आणि रडलो — हो, मोठ्यानं. खालून सगळी पोरं बघत होती. सुधाकर त्याची पाळी नसताना वर चढला, माझा हात धरून मला खाली घेऊन आला आणि त्यापायी साहेबाची बोलणी खाल्ली. तरी तो निवडला गेला. मी घरी आलो.

मायनं कॉलनीभर सांगून ठेवलं होतं, पोरगा अफसर होणार म्हणून. ती दारातच उभी होती. मी काय सांगणार होतो? फळीवर बसून रडलो? मी म्हणालो, डोळ्यात काढलं. तिनं विचारलं, तक्ता तर पाठ होता ना, मग त्यांना कळलं कसं? आणि मी म्हणालो — सुधाकरनं सांगितलं डॉक्टरला.

विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही हो. जिभेवर तयारच होतं जणू.

माय नळावर बोलली. दुसऱ्या दिवशी पोरांनी नाव ठेवलं. सुधाकर पहिल्या सुट्टीत तिच्यासाठी संत्रा बर्फी घेऊन आला, तर ती बाहेर आलीच नाही. आतून आवाज आला, "त्या चुगल्याले माह्या दारात उभा नको करू!" फाटकाशी त्यानं मला विचारलं, "मन्या, मी काय चुगली केली गा?" मी खाली वाकून सायकलची चेन बसवत राहिलो. चेन उतरलेलीच नव्हती. तो बराच वेळ बघत उभा होता. त्याला कळलं — कळलंच असणार, तो काय मूर्ख होता? पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. दर सुट्टीत आला, दारातूनच मायला नमस्कार करून गेला.

वर्षं गेली. नावातला डंख गेला, लाडाचं झालं. लेफ्टनंट चुगल्या, मेजर चुगल्या. तो हसून ओ द्यायचा. मीही तशीच हाक मारायचो. मीही!

पण सगळ्यांत वाईट हे नाही. माय शेवटच्या आजारात मला म्हणाली, "सुधाकरले सांगजो, मी माफ केलं त्याले." तेव्हा तरी बोलायचं होतं. ती ऐकत होती, शुद्धीवर होती. मी मान हलवली. तो तिला खांदा द्यायला दूरच्या ठाण्यावरून धावत आला आणि मी तो निरोप त्याला दिला — मायनं तुला माफ केलं. हेच शब्द. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिरडीकडे वळून हात जोडले. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तर त्या सभेत मी बोललो. त्याच्या शौर्यावर बोललो, शिस्तीवर बोललो. टाळ्या मिळाल्या.

खाली उतरल्यावर शैलावहिनी, त्याची बायको, माझ्याजवळ आल्या. "भाऊजी, यांना चुगल्या काहून म्हणायचे हो? मी विचारलं की नुसते हसायचे. म्हणायचे, मन्याले विचार, तो सांगीन तेव्हा सांगीन."

तो सांगीन तेव्हा सांगीन. म्हणजे इतकी वर्षं वाट पाहत होता तो.

आणि मी काय सांगितलं? म्हणालो, शाळेत गुरुजींकडे आमच्या चुगल्या करायचा, म्हणून. वहिनी हसल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असतील. म्हणाल्या, आता नातवंडांना सांगते.

सुधाकरनं कधी कुणाची चुगली केली नाही. तो फळीवर चढला आणि माझा हात धरून मला खाली घेऊन आला.