चिमणी जिंकली तर

तबेल्यात शेण आणि किस्से, दोन्ही रोज साचतात. शेण निदान सकाळी उचलून नेतात. किस्से माझ्या डोक्यात तसेच पडून राहतात, आणि मोसम संपायला आला की त्यांचा ढीग होतो. मी मुलुंडची. रेसकोर्सवरच्या एका तबेल्याच्या ऑफिसात सात वर्षं कागद सांभाळते. घोड्यांचे पासपोर्ट, औषधांच्या नोंदी, शर्यतींचे अर्ज. हो, घोड्यांना पासपोर्ट असतो! माझा अजून नाहीये.

तर मोसमाच्या शेवटी सगळ्यात मोठी रेस असते. आम्ही तिला नुसतं 'फायनल' म्हणतो. त्या एका रेसपायी आमच्याकडे चार महिने कोणी धड जेवत नाही, धड भांडत नाही. बारशी, मुंजी, साखरपुडे सगळं फायनलनंतर.

माझंच घ्या ना. मुलाकडचे बघायला आले. आई म्हणाली, "लग्न फायनल झाल्यावर करू, हिला तोवर सुट्टी नाही." मुलाच्या आईचा चेहरा पडला. "आमच्या घरात रेसचा नाद चालत नाही हं!" आई म्हणाली, "अहो, नाद नाही, नोकरी आहे!" पोहे झाले, चहा झाला. निघताना मुलाच्या वडिलांनी मला गॅलरीत बोलावलं. म्हटलं, झालं, आता नकार देतायत! ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "चिमणीच पहिली येणार ना गं?"

लग्न ठरलं.

*

चिमणी म्हणजे आमची घोडी. नाव चिमणी, वजन साडेचारशे किलो! कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण ते फक्त मला आणि तिच्या मालकांना, म्हणजे शेठना येतं. चिमणी हे नाव तात्याने ठेवलंय. तात्या तिचा सईस, म्हणजे तिला खाऊपिऊ घालणारा, धुणारा, फिरवणारा, तिच्याशी गप्पा मारणारा माणूस. मूळचा मालवणकडचा, घर घाटकोपरला. पण घरी असतो कुठे? मोसमात तबेल्यातच झोपतो, पावसाळ्यात घोड्यांबरोबर पुण्याला जातो. गेली तीन वर्षं हेच.

जानेवारीत शेठ आले आणि सगळ्यांसमोर बोलले, "चिमणी फायनल जिंकली तर तिची ही शेवटची रेस. मग ती फार्मवर जाणार, पिल्लं घालायला. हरली तर अजून एक वर्ष पळवू."

फार्म इथून सहा तासांवर. तिथले सईस वेगळे. म्हणजे चिमणी जिंकली की तात्याच्या हातून गेली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्या बादली उचलून निघून गेला. त्या बादलीत पाणीसुद्धा नव्हतं.

*

ही बातमी घाटकोपरला पोचली आणि सुनंदावहिनी, म्हणजे तात्याची बायको, पेढे घेऊन तबेल्यात हजर! रेस व्हायला अजून महिना होता.

"वहिनी, अजून जिंकली नाहीये ती."

"जिंकतली! आणि ती जिंकली काय माझो घोव घराक येतलो. तीन वर्षां सवत सांभाळलंय गो मी!"

तबेल्याच्या कोपऱ्यात गणपतीचा फोटो आहे. वहिनींनी पेढा ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाल्या, "देवा, जिंकव हिका." शेजारी तात्या उभा होता. त्यानेही हात जोडले, "देवा, ह्या एका टायमाक हरव." दोघं एकमेकांकडे बघेनात. मला त्या गणपतीचीच काळजी वाटायला लागली!

*

तात्या दुपारी तासभर डबा न्यायला घरी जायचा, तर त्याच्या बिल्डिंगमध्ये वेगळाच तमाशा. तिथे सईस म्हणजे साक्षात घोड्याच्या पोटातली बातमी! जिन्यात, नळावर, गच्चीत, सगळे एकच विचारायचे, "तात्या, चिमणी येणार ना?"

तात्या मनापासून सांगायचा, "नाय रे. तिच्यात दम नाय ह्या टायमाक."

पहिल्या दिवशी लोकांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली, "तात्या लपवतोय. तात्या लपवतोय म्हणजे शंभर टक्के!" तात्या जितका नाही म्हणेल तितकी बिल्डिंगची खात्री वाढायची. शेवटी तो वैतागून ओरडला, "अरे, लंगडता ती!" त्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या, आयुष्यात रेस न बघितलेल्या आजीबाईंनीसुद्धा चिमणीवर पैसे लावले.

*

फायनलला आठवडा राहिला आणि आमच्या ट्रेनर साहेबांचं लक्ष तात्याच्या चेहऱ्याकडे गेलं. साहेबांचं काम घोडे तयार करणं. माणसांचं त्यांना फारसं कळत नाही. त्यांना वाटलं, ह्याला ताप आहे, घोडीला लागेल. दिलं त्याला घरी पाठवून!

वाट लागली! चिमणी चाऱ्याला तोंड लावेना. गाजर नको, गूळ नको. डॉक्टर आले, दात बघितले, पोट तपासलं. घोडी ठणठणीत! नुसती दरवाज्याकडे तोंड करून उभी.

तिकडे घाटकोपरला तात्यापण जेवेना. बांगड्याचं तिखलं समोर, आणि हा दरवाज्याकडे तोंड करून बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी येऊन थांबली. वहिनींनी तात्याला दंडाला धरून खाली उतरवलं आणि साहेबांपुढे उभं केलं. "घेवा तुमचो माणूस! चिमणी जेवली नाय तर जिंकतली कशी?"

पाच मिनिटांत घोडीची बादली रिकामी. तात्यानेही माझा डबा संपवला. मला विचारलंसुद्धा नाही!

*

फायनलच्या दिवशी बघते तर तात्या पहाटेपासून घोडी घासतोय. चिमणी अशी चमकत होती की तिच्यात बघून मी टिकली सरळ केली.

"तात्या, तुम्हाला ती हरायला हवीय ना?"

"व्हय."

"मग एवढं कशाला?"

तो माझ्यावर खेकसला, "हरांदे, पण घाणेरडी कित्याक हरात?"

रेस सुरू झाली. आम्ही दोघं कठड्याला चिकटून उभे. चिमणी मधेच कुठेतरी अडकलेली. तात्या पुटपुटत होता, "हळू गो बाय, हळू." शेवटच्या वळणावर ती बाहेरून सुटली. शेजारी दुसरा घोडा, मानेला मान. तेवढ्यात तात्या कठड्यावर चढून असा बोंबलला की माझ्या कानठळ्या बसल्या, "पळ गो चिमणे! पळ, पळ, पळ!"

आली. मानेभराने आली.

सगळे नाचत होते. तात्या खाली गवतात बसून ढसाढसा रडत होता, आणि खरं सांगते, मीही रडले.

*

पण खरी गंमत पुढेच. जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासायला घेतात, त्याने काही औषध घेतलंय का ते बघायला. ती मिळाल्याशिवाय घोडा तिथून हलत नाही. आणि घोडा लघवी करतो ती आपल्या सईसाच्या शिट्टीवर. रोजची सवय असते ती. शेठना एवढी घाई की फार्मची व्हॅन बाहेर उभी.

डॉक्टर म्हणाले, "तात्या, वाजव."

तात्या म्हणाला, "तोंडाक कोरड पडली. निघणा नाय."

पाणी दिलं. एक बाटली, दोन, तीन. तात्या तीनदा जाऊन आला, घोडी एकदाही नाही! मग डॉक्टरांनी शिट्टी वाजवली. साहेबांनी वाजवली. कोट-टाय घातलेल्या शेठनी गाल फुगवून वाजवली. चिमणी तात्याकडे बघत ढिम्म. तात्या छताकडे बघत ढिम्म.

तास होत आला. तेवढ्यात माझा फोन वाजला. सुनंदावहिनी. मागे बिल्डिंगचे ढोल ऐकू येत होते. "आमचे येतले कधी गो?"

मी सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "स्पीकर लाव. आणि फोन तिच्या कानाक धर."

मी धरला. घाटकोपरहून बारीक, लांब, वळण घेत शिट्टी आली. हुबेहूब तात्याची. घरी आला तरी तो हीच वाजवत बसत असणार.

चिमणीने कान टवकारले. मागचे पाय फाकवले. डॉक्टर भांडं घेऊन धावले.

तात्या पुढे आला, तिच्या मानेवर डोकं टेकवून उभा राहिला. मग म्हणाला, "तू पण गो, चिमणे?"