बारक्याची झडप

ताईचं शिवणकामाचं दुकान जिन्याखालच्या खोलीत होतं. पडदे, अभ्रे, बिघडलेल्या चेनी, जे येईल ते ती शिवायची. धाकटा भाऊ वेल्डर. केस पिकले तरी घरच्यांसाठी तो बारक्याच. कंबरदुखीसाठी सुरू झालेली गोळी कधी नशेच्या सुईवर गेली, ते ताईला कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्या हातांवर टोचायला धड शीर उरली नव्हती.

सुईवाटे रक्तात गेलेल्या जंतूंनी पहिल्या खेपेला त्याच्या हृदयाची झडप कुरतडली. ऑपरेशन करून ती बदलली. काही काळ बरा गेला. मग पुन्हा थंडी वाजून ताप, चार पायऱ्या चढला की धाप. ताई काय ते समजली. मशीनवर कापड टाकलं आणि त्याला घेऊन त्याच वॉर्डात गेली.

"नव्या झडपेलाही जंतू लागलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दीड महिना शिरेतून औषध द्यावं लागेल. मध्येच सोडलं तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, आणि ते झेपायचं नाही त्याला."

आठवडा उलटायच्या आत बारक्या सलाईन उपसून पळाला. ताईनं शोधलं नाही. उलट कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली, आणि उठल्यावर त्याचीच लाज वाटली.

तो आपणहून दुकानात आला. ओठ निळसर पडलेले. कापडाच्या गठ्ठ्यावर टेकला.

"बोल ना मला काहीतरी," तो म्हणाला.

"दमले रे आता. पळालास का, तेवढं सांग."

"सुई नाही मिळाली की अंग मोडून येतं, ताई. हाडं कुणी पिळून काढतंय असं वाटतं. तिथं सांगणार कुणाला? आधीच सगळे कसे बघतात."

इतकी वर्षं ताईनं त्याला नाही नाही ते सुनावलं होतं. हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

त्याला घेऊन वॉर्डात परतल्यावर तिनं तेच डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी केसपेपर पुढे ओढला. "त्यावर औषध आहे. जिभेखाली ठेवायची गोळी. आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

गोळी सुरू झाली आणि बारक्या टिकला. कुरकुरत, भिंतीकडे तोंड करून, पण टिकला.

झडप वाचली, थोडी गळते म्हणतात. वेल्डिंग सुटलं ते सुटलंच. घरी आल्यावर एकदा पाय घसरला, सुई टोचून घेतली, पण ते त्यानं स्वतःच येऊन सांगितलं. ताई त्याला घेऊन तशीच दवाखान्यात गेली.

आता तो दुकानात बसून जुन्या कपड्यांच्या शिवणी उसवतो. "उसवायचं काम तुला पहिल्यापासून छान जमतं," ताई म्हणते. तो हसतो, मध्येच थांबून श्वास घेतो. तेवढ्यात ताईचा पाय मशीनवरच थबकतो.