पड

"अरे, तुझा आजा पड खायचा ना? मग ढीली कोंबडी बघून तुलाच कशी ओकारी येते?"

साहेब हे मराठीत बोलले. चंडीगढमध्ये, स्वतःच्या घरी, रविवारच्या जेवणात. टेबलाभोवती तीन मराठी कुटुंबं होती. सगळे हसले. वहिनी म्हणाल्या, "अहो, जेवताना काय ते!" एका मेजरची मुलगी विचारायला लागली, "मम्मी, पड क्या होता है?" तिला कुणी सांगितलं नाही. मी सांगू शकलो असतो.

पड म्हणजे मेलेलं ढोर. गावात कुणाचा बैल मेला की आमच्या वस्तीने तो ओढून न्यायचा, सोलायचा आणि त्याचंच मांस खायचं. आजोबांनी हे मोडलं. एके दिवशी दोरीला हात लावायला नाही म्हणाले. गावाने मजुरी बंद केली, दुकानदार मीठही देईना. घर उपाशी राहिलं, पण पड पुन्हा दारात आली नाही.

साहेबांना हे मीच सांगितलं होतं. विश्वासाने. लष्करातून निवृत्त होऊन त्यांनी चंडीगढजवळ मुल्लानपूरकडे पोल्ट्री काढली होती. जनावरांच्या औषधोपचाराचा डिप्लोमा घेऊन मी तिथे लागलो. "हा आपला माणूस," म्हणत ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. पंजाबात ते दिवस वाईट होते. अतिरेकी बसमधून माणसं उतरवून मारत होते. संध्याकाळ व्हायच्या आत दारं लागायची. अशात कुणी मराठीत "जेवलास का रे?" विचारलं की माणूस विरघळतो. मी विरघळलो.

शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरायचे. पक्ष्यांना पंख पसरायलाही जागा नसायची. छातीचं मांस झपाट्याने वाढायचं, पाय तेवढे वाढायचे नाहीत. भार न पेलून ते तुसातच बसून राहायचे, आपल्याच विष्ठेत. आजार येऊ नये म्हणून पाण्यातून रोज औषध. विक्रीच्या आधी काही दिवस ते औषध थांबवायचं असतं, नाहीतर मांसातून माणसाच्या पोटात जातं. आम्ही थांबवत नव्हतो. थांबवलं की मरतूक वाढायची.

मान टाकलेल्या, डोळे मिटलेल्या कोंबडीला तिथे 'ढीली' म्हणत. ढील्या सकाळी वेगळ्या काढायच्या, मरायच्या आत कापायच्या. चांगला माल शहरात. ढीला इंडस्ट्रियल एरियातल्या कॅन्टीनला, मजुरांच्या ताटात. प्रत्येक गाडीबरोबर चिठ्ठी जायची. तिच्यावर मी लिहायचो: फिट. खाली माझी सही. साहेबांच्या घरी मात्र शेडमधली कोंबडी कधी शिजली नाही. त्यांच्यासाठी परसात गावठी कोंबड्या मोकळ्या फिरत.

त्या रविवारच्या जेवणाआधी कर्फ्यू लागला. गाड्या अडकल्या. पक्षी शेडमध्येच वाढले, एकमेकांवर चढले, आणि रोग शिरला. साहेबांनी ढील्या कोंबड्या कामगारांत वाटल्या. बक्षीस म्हणून. शिवपूजन नावाचा बिहारी कामगार होता. गोळीबाराला घाबरून बाकीचे गावी पळाले, तो थांबला होता. त्याची बायको फूलमती जेवली आणि दुसऱ्या दिवशी आडवी झाली. उलट्या, जुलाब, ताप. कर्फ्यू शिथिल झाल्यावर मीच त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टरने विचारलं, "क्या खाया था?"

शिवपूजनने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "दाल-चावल, जी."

चौथ्या दिवशी ती गेली. कशाने गेली हे कुणी तपासलं नाही. मी तपासू दिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन एवढंच म्हणालो होतो, "साहेब, दोन नंबरच्या शेडमधला माल विकू नका. मला बघवत नाही." त्यावर ते वाक्य आलं.

राग आला. पण रागाच्या खाली काहीतरी वेगळं होतं. शरम. साहेबांनी आजोबांना हिणवलं, ते खोटं होतं. आजोबांनी जे उपाशी राहून सोडलं, ते मी पगारी सही करून दुसऱ्याच्या ताटात वाढत होतो. ते मात्र खरं होतं. साहेबांनी मला फसवलं. मी आजोबांना फसवलं.

सोमवारी चिठ्ठी समोर आली. मी लिहिलं: रोगट. खाण्यास अयोग्य. साहेबांनी वाचलं. आवाज चढवला नाही. मराठीतच म्हणाले, "हल्ली इथे माणूस नाहीसा झाला तर कुणी विचारत नाही. घरी आई आहे ना तुझी?"

मी म्हणालो, "आहे. सही बदलणार नाही."

तिथून सरळ शिवपूजनच्या झोपडीत गेलो. सांगितलं, "मुर्गी बीमार थी. मुझे मालूम था. डॉक्टर से मैंने झूठ बोला."

तो म्हणाला, "हम तो समझे, साहब पढ़े-लिखे हैं, ठीक ही होगा." तो मलाही साहबच म्हणायचा. मला बस म्हणाला नाही.

त्या आठवड्यात मी इंडस्ट्रियल एरियातल्या एकेका कॅन्टीनच्या फाटकाशी उभा राहिलो. येणाऱ्या मजुराला स्वतःचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, ही कोंबडी फिट आहे असं मी लिहिलं होतं, ते खोटं आहे. पहिल्या फाटकावर धक्के मारून हाकललं. मी दुसऱ्या फाटकावर गेलो.

आज केस पिकलेत. शेड आता पुष्कळ मोठ्या झाल्यात, चिठ्ठ्या छापील झाल्यात. मी अजून सांगतो. ऐकणाऱ्याने मला माफ करू नये. त्याने चिठ्ठीवर कुणाची सही आहे ते विचारावं, आणि त्या माणसाला फाटकावर आणून उभं करावं.