मानाची कुदळ

मी अध्यक्षांच्या पोराला चीत केलं, आणि मंडळानं माझ्याच बापाला कुस्तीच्या हौद्याची माती उकरायला लावली.

नागपंचमीच्या कुस्त्या होत्या. धारवाडात, केलगेरी तळ्याच्या अलीकडं आमची वस्ती. वर शिक्षक-वकिलांची घरं, खाली आमची दलितांची गल्ली. मधे तरुण मंडळाची तालीम. आमची पोरं एरवी आपापसातच लढायची. त्या दिवशी वकीलसाहेबांच्या पोराला जोड मिळेना, म्हणून मला बोलावलं. दहावीतला किडकिडीत पोरगा मी. हरायलाच बोलावलं होतं, दुसरं काय!

हरलो नाही. त्याची पाठ मातीला लागली आणि हलगी थांबली. जिंकलेल्याला खांद्यावर घेतात. मला कुणी शिवलंसुद्धा नाही. पंच शेजारच्याशी बोलायला लागला. मी लंगोटावर उभा, अंगभर लाल माती.

वकीलसाहेब, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, माझ्या बापाला, अप्पाला म्हणाले, "यल्लप्पा, माती उकर. ताक टाक, हळद टाक. लवकर."

हौद्याच्या मातीला अधूनमधून ताक, हळद, तेल घालून उकरतात. रीतच आहे ती. पण अप्पानं ते सगळं सकाळीच केलं होतं. दुपारी परत कशाला? तिथं उभ्या असलेल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं कशाला. मी बाटवली होती ना माती.

अप्पानं उकरली. मी जिंकलो त्याच जागेवर कुदळ मारत राहिला.

घरी मी ओरडलो, "का उकरलीस?"

"मान हाय रे बाबा आपला. हौद्यात पहिली कुदळ आपल्या घरची."

मान! थू असल्या मानावर. हा हौदा खणला कुणी? आमच्या गल्लीनं. तळ्याकाठची माती बैलगाडीतनं आणली कुणी? अप्पानं आणि त्याच्या जोडीदारांनी. वरच्यांनी काय केलं? बोर्ड रंगवून लावला, आणि बोर्डावर स्वतःची नावं.

त्यानंतर मी तालमीत पाय ठेवला नाही. गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो. अप्पा मात्र मरेपर्यंत उकरत राहिला.

यंदा मंडळाची पन्नाशी. नवा हॉल बांधलाय, आत नवा हौदा. जुन्या हौद्याची माती त्यात मिसळायची होती. आता अध्यक्ष कोण? मी चीत केलेला तोच. तोही वकील झालाय. आमच्या दारात आला, "अण्णा, अण्णा" करत. चहा प्यायला, आणि आमच्या घरातला कप हातात धरून फोटोही काढून घेतला. बघा हो, किती मोठं मन!

"पहिली कुदळ तुमच्या घरची, अण्णा. मान आहे री तुमचा." कानडी आदराचं 'री'सुद्धा लावलं!

तो गेल्यावर माझी मुलगी, कुस्ती शिकते ती, एवढंच म्हणाली, "बाबा, कुस्तीला बोलावलंय का माती उकरायला?"

तरी गेलो.

स्टेजवर मंडळाचा इतिहास सांगत होते. कोण अध्यक्ष, कोण खजिनदार, कुणी कुठली ढाल आणली. हौदा खणणाऱ्यांचं नाव नाही. आणि मग अध्यक्ष माईकवर म्हणाले, "या मातीनं कधी जात पाहिली नाही."



झेंडूची माळ घातलेली कुदळ माझ्या हातात दिली. टाळ्या. मी माईकजवळ गेलो.

"वकीलसाहेब, तुमची पाठ या मातीला लागली, तेव्हा माझ्या बापाकडनं ती परत का उकरून घेतली? ते सांगा. मग मी कुदळ मारतो."

तो हसत, दातांतल्या दातांत म्हणाला, "हळेदु बिडरी, अण्णा." जुनं सोडा म्हणे! माईक चालूच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

"नाही सोडत," मी म्हणालो. कुदळ त्याच्या पायाशी ठेवली आणि खाली उतरलो.

वाटलं, आता कुणी उठणार नाही. पण मंडळवाल्यांनी आमच्या गल्लीतल्या लोकांकडं हात केला, आणि आमच्यातलाच एकजण उठला. मान खाली घालून उकरायला लागला. त्याचा राग नाही आला मला. पाठमोरा तो अप्पासारखाच दिसत होता. किळस आली ती टाळ्या वाजवणाऱ्यांची.

उद्या मी त्याच्या घरी जाणार आहे, परत ती कुदळ उचलू नको म्हणून सांगायला. मग शेजारच्या घरी, मग पुढच्या. येत्या नागपंचमीला त्या हौद्यात माझी मुलगी उतरेल. कुस्तीला. जिंकली तर टाळ्या वाजवा, नाहीतर वाजवू नका. पण ती उतरल्यावर माती परत उकरायची असेल, तर कुदळ तुमची तुम्ही उचला.