सरदार रायलिंगूचा आवाज

आमच्या पाच नंबर कोळसा खाणीत रायलिंगू सरदार होता. सरदार म्हटलं की घोडा-तलवार डोळ्यांपुढे आणू नका. एक काठी, एक दिवा आणि हाताखाली चौदा माणसं, एवढंच त्याचं राज्य. काठीने डोक्यावरचं छत ठोकायचं, कान द्यायचा, आणि आवाज पोकळ आला की माणसं बाहेर काढायची. आमचे हे त्या चौदांतले, म्हणून जमिनीखालचं सगळं मला चुलीपाशी कळायचं.

छत बिघडलं की बाकीचे सरदार बोंब ठोकायचे. रायलिंगू म्हणायचा, "चला रे, डबे उचला. आज बाहेर बसून जेवू." बायकोकडे मीठ मागावं तसा आवाज. बाहेरच्या वाटेवर एक अरुंद वळण होतं, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. माणसं धावली की तिथेच गच्च अडकणार. म्हणून हा आवाज. बावीस वर्षांत त्याच्या टोळीतलं एक माणूस गेलं नाही.

वरही तसाच. शेजारचा पोचय्या पिऊन भावाच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभा राहिला, तेव्हा खाणकामगारांच्या घरांची अख्खी लाईन ओरडत होती. रायलिंगू जाऊन पायरीवर बसला नि म्हणाला, "जेवलास का?" पोचय्याने कुऱ्हाड टाकली आणि रडायलाच लागला. समोरचं माणूस जितकं चढेल तितका हा उतरायचा.

पण माणसं लाडावली. छत यायच्या, म्हणजे कोसळायच्या, आधी लाकडी टेकू करकरतात. पूर्वी जो तो त्यांच्याकडे कान लावून काम करायचा. आता कुणी ऐकेना.

"टेकू करकरत होते म्हणता, मग भीती नाही वाटली?" मी ह्यांना विचारलं.

"रायलिंगू अण्णांच्या तोंडावर काही नव्हतं."

"अहो, छत काय अण्णांच्या तोंडावर टेकलंय?"

हसले. मीही हसले, काय सांगू.

त्या वर्षी बतुकम्माच्या सणाची फुलं तलावात सोडून चार दिवस झाले होते. रायलिंगूने छत ठोकलं, ऐकलं आणि म्हणाला, "चला रे, डबे उचला." सगळे निघाले. मागे राहिला ऐलय्या, रायलिंगूच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोन मुलींचा बाप, पण जिभेला हाड नाही.

"दाजी, एवढी गाडी भरतो नि आलोच. भूक अनावर झाली असेल तर माझ्या डब्यातलं चिंचेचं सार घ्या."

"ऐलय्या, चल."

"तोंड बघा दाजींचं! लग्नाला निघालेत जणू."

"चल म्हणतो ना."

तिसऱ्यांदाही आवाज तसाच. नंतर तो ह्यांना म्हणाला, "ओरडणं गळ्यापर्यंत आलं होतं. गिळलं. तुम्ही सगळे तेव्हा वळणावर होतात." मग तो ऐलय्याचा दंड धरायला मागे फिरला. पाच पावलं उरली होती, तोच छत आलं.

भोंगा झाला आणि आम्ही सगळ्या बायका खाणीच्या तोंडाशी धावलो. तेरा माणसं वर आली, मागून रायलिंगू. लच्चव्वाला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्यानेच सांगितलं, "तुझा भाऊ राहिला." त्याच आवाजात.

नवऱ्याला तिने जन्मात अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. "एकदा ओरडला असतास! माझ्या भावासाठी एकदा!"

 

संक्रांत आली, गेली. एके दिवशी त्याने काठी ठोकली, आवाज जरा वेगळा वाटला, आणि तो ओरडला, "पळा!" बावीस वर्षांत पहिल्यांदा. सगळे जीव घेऊन पळाले आणि वळणावर एकावर एक पडले. आमच्या ह्यांचा घोटा पिचला. टोळीतला रायमल्लू सगळ्यांत खाली सापडला, तो वर आला तेव्हा श्वास नव्हता. आणि छत? ते आठ दिवस तसंच उभं होतं.

रायलिंगूने काठी साहेबाच्या टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, "अरे, तुझ्यासारखा थंड डोक्याचा माणूस नाही. का सोडतोस?"

"दोन्ही करून पाहिलं, साहेब," तो म्हणाला.

मग त्याला दिवे पुसायच्या खोलीत बसवलं. चार वर्षं त्याने काचा पुसल्या. पोरं खाली उतरताना विचारायची, "अण्णा, आज कसं वाटतंय?" तो दिवा पुढे सरकवायचा. घरात तांदूळ आणि मीठ यापलीकडे बोलणं नव्हतं. निवृत्त झाला त्याच उन्हाळ्यात छातीच्या खोकल्याने गेला.

परवा लच्चव्वा माझ्याकडे चिंच फोडायला आली होती. फोडता फोडता म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मी तसं बोलले नसते तर ते ओरडले नसते. रायमल्लू जगला असता. हो ना?"

"तुझा भाऊ गेला होता गं," मी म्हटलं.

"ते नाही विचारलं मी."

चुकलीस म्हणवेना, नाही चुकलीस असंही म्हणवेना.  ती चिंचोके पदरात घेऊन उठली आणि गेली. त्यानंतर आलेली नाही.